स्वतःलाच साथ

२००४ साली ब्रिटिश टीव्हीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात ऐनवेळी बोलावलेली गायिका केटी टन्स्टल एकटीच उभी राहिली. सोबतीला फक्त लूप पेडल, म्हणजे वाजवलेलं टिपून तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारं पायाखालचं यंत्र. गिटारवर थाप, पायानं पेडल, वर टाळी, त्यावर गळ्यातली हाळी, की झाला वाद्यवृंद तयार! २०१५ मध्ये गायक एड शीरननं याच युक्तीवर वेम्ब्ली स्टेडियम तीन रात्री भरवलं. ड्रमर मंडळी अस्वस्थ झाली असतील, तर नवल नाही. लूप पेडलला मानधन नको, जेवण नको, आणि ‘माझा सोलो कधी?’ असंही ते विचारत नाही.

फक्त एक आहे. साथीदार चुकला, तर पुढच्या आवर्तनात सावरतो. पेडलवर पहिली थाप केसभर आधी पडली, की ती गाणं संपेपर्यंत इमानेइतबारे आधीच पडते. कलाकार मात्र हसतमुखानं तिच्यावर बास, शिट्टी, तीन सुरांचा कोरस असे मजले चढवत असतो. अनडू आहे, पण ते वरचा थर पुसतं, चूक पायातली.

श्रोत्यांनीही समजून घ्यावं. तिकीट गाण्याचं असलं, तरी आधी बांधकाम बघावं लागतं. टाळ्या बेतानं वाजवा. माइक चालू असला, तर त्याही कोरसात जातील, फुकट.