लोखंडाचं रेंगाळणं
तुमसर तालुक्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या शिवेजवळ नाकाडोंगरी आहे आणि शेजारीच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण. रस्त्याकडेची काळपट माती पाहिली की इथल्या कुठल्याही पोराला तीत फुटक्या स्पीकरमधलं चुंबक फिरवावंसं वाटतं. चुंबकाला दाढी फुटते ती लोखंडाच्या कणांची. मँगनीज बहुधा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अपवाद नागपूरकडच्या बेलडोंगरीचा. तिथलं एक मँगनीज खनिज चुंबकाला भलतंच लगटतं. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी कौतुकाने त्याला आपल्या सहकाऱ्याचं, व्रेडेनबर्ग यांचं, नाव दिलं.

लोखंडाचं मात्र मँगनीजसारखं नाही. त्याच्याभोवती तार गुंडाळून वीज वाढवत नेली, की आधी बिचकत, मग भराभर आणि शेवटी दमल्यासारखं ते चुंबक होत जातं. खरी गंमत परतताना. वीज पूर्ण बंद केली तरी गडी शून्यावर येत नाही. थोडं चुंबकत्व उराशी धरून बसतो. ते सोडवायला उलट्या दिशेने वीज सोडावी लागते. जाण्यायेण्याच्या या वाटा कागदावर काढल्या, तर एक तिरपं, टोकदार पान उमटतं. जेम्स युइंग हे स्कॉटिश गृहस्थ 1880च्या सुमारास टोकियोत शिकवताना या रेंगाळण्याच्या नादी लागले आणि त्यांनीच त्याला हिस्टेरिसिस म्हटलं. पानाचं क्षेत्रफळ म्हणजे एका फेऱ्यात उष्णता होऊन वाया गेलेली ऊर्जा. गावच्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा फेरा सेकंदाला 50 वेळा होतो, म्हणून तिथल्या पोलादात सिलिकॉन घालून पान अरुंद करतात. मोबाइलच्या चार्जरमध्ये तर फेरे हजारोंनी. तिथे लोखंड, जस्त आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचं भाजून केलेलं फेराइटही वापरतात. मनात धरून ठेवणं त्याला जवळजवळ जमतच नाही. चुंबकाकडे न पाहणारं आपलं मँगनीज लोखंडाच्या संगतीला गेलं आणि त्याच्या विसरण्याला हातभार लावू लागलं. असा सोबती एखाद्या घराला तरी लाभावा.

खाणीतून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे मामाजी मात्र कायमच्या चुंबकाच्या जातीचे. पहिल्या पाळीचा भोंगा आता त्यांना बोलावत नाही, तरी पहाटे ते उठतात, आंघोळ उरकतात आणि डबा कुठे म्हणून स्वयंपाकघरात डोकावतात. मामी काही बोलत नाहीत. रिकामा डबा रोज घासून, पुसून, दिसेल अशा जागी ठेवतात. एकदा मी त्यांना समजावलं, "मामाजी, लोखंड 770 अंशांपर्यंत तापवलं ना, की ते सगळं विसरतं."

मामाजींनी कपाळावरचा घाम दुपट्ट्याने टिपला. म्हणाले, "मंग बाबू, आपल्याइथच्या मे मयन्यात मी थोडं तरी विसराले पायजे होतो ना!"