नमुन्याची भेंडी

(सेलूचा आठवडी बाजार. ऑक्टोबर २०२५. पाऊस नुकताच दमलेला, चिखल अजून ताजा. पोत्यावर माळवं मांडून बसलेल्या मावशी. समोर निवृत्त गुरुजी : हातात कापडी पिशवी, काखेत भाषणाची वही.)

गुरुजी : मावशी, भेंडी गावरान आहे ना?

मावशी : तुमच्यासारखीच हाय गुर्जी. जलम हितलाच.

गुरुजी : आणि औषध?

मावशी : बीपीचं चालू हाय.

गुरुजी : अहो, भेंडीवर मारलेलं विचारतोय! उद्या शाळेत माझं व्याख्यान आहे. ‘बदलते हवामान आणि शाश्वत भाजीपाला’. टेबलावर ठेवायला नमुन्याची भेंडी पाहिजे. विषमुक्त, सरळ, हिरवीगार. एकही भोक नको.

मावशी : मंग प्लॅस्टिकची घ्या. भाषन झालं की धुवून कपाटात ठिवता येती.

गुरुजी : (एक उचलून) हिला भोक आहे.

मावशी : आळीनं चाखून पास केलेली हाय. यापरीस मोठा दाखला कोन देनार?

गुरुजी : आमच्या लहानपणी...

मावशी : आली गाडी टेसनात!

गुरुजी : ...आमच्या लहानपणी ना फवारा होता, ना रोग. आजीच्या हातची भेंडी कशी लुसलुशीत!

मावशी : तुमच्या आजीनं ती चिरली. मह्या आजीनं पिकवली. पांढरी माशी रोग आनायची, पानाच्या शिरा पिवळ्या पडायच्या, मंग शेंगबी पिवळी आन् दांडकं. म्हनून परभनीच्या इद्यापीठानं १९८५ ला ‘परभणी क्रांती’ काढली. पुसा सावनी ह्या आधीच्या वाणाचा रानभेंडीच्या जातीसंगं संकर करून. तुमी जिला गावरान म्हनता ना, ती हीच.

गुरुजी : म्हणजे गावरान नव्हे, हायब्रीड!

मावशी : हायब्रीडबी न्हाई. संकरातून निवडून निवडून पक्की केलेली सरळ जात. बी घरी धरता येतंय. हायब्रीडचं बी धरलं, तर पुढल्या साली एक झाड हिकडं तोंड करतंय, एक तिकडं.

गुरुजी : (वहीत लिहीत) मग प्रश्नच मिटला. ‘उपाय : परभणी क्रांती.’

मावशी : खोडा ते.

गुरुजी : का?

मावशी : आता तिच्यावरबी रोग येतो. पुसा सावनीबी तिच्या काळात रोगाला दाद देत नव्हती. रोग शाळंत जातो गुर्जी. दरसाल वरच्या वर्गात, आन् नापास तर होतच न्हाई.

गुरुजी : मग तुम्ही करता काय?

मावशी : भवतीनं मका लावते, माशीला आडकाठी. पिवळे चिकट सापळे टांगते. पिवळं झाड दिसलं की उपटून पुरते, त्याची माया करत बसत न्हाई. जूनमधी निंबोळ्या येचून वाळवते. पाच किलो कुटून रातभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पानी करायचं आन् फवारायचं.

गुरुजी : आणि त्यानंही नाही भागलं तर?

मावशी : तर दुकानातलं मारते. पर डब्यावर लिवलेले दिवस भरल्याबिगर शेंग तोडत न्हाई.

गुरुजी : म्हणजे ही शेती पूर्ण शाश्वत म्हणता यायची नाही!

मावशी : पीक गेल्यावर शाश्वत काय उरतंय, सांगू? सावकार.

गुरुजी : (घाईने पान उलटत) असो. मुद्दा दुसरा : पाऊस कमी झाला आहे.

मावशी : कमी? २०१४ ला गारा. २०१५ ला दुष्काळ. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पानी. आन् औंदा सप्टेंबरात नदी आपल्या पायानं मराठवाड्याच्या घरात आली. पाऊस कमी झाला न्हाई, त्याचं येळापत्रक हरवलंय.

गुरुजी : पण दुधनेवर आपल्याच तालुक्यात धरण आहे, ब्रह्मवाकडीला.

मावशी : हाय की. एका साली त्याच्याकडं बघत बसायचं, दुसऱ्या साली त्याची दारं उघडली म्हनून पळायचं. महं रान काळं. चार दिस पानी थांबलं की मुळ्या गुदमरतेत, अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. म्हनून आता रुंद वरंबा करते, दोन्हीकडं सरी. जास्तीचं पानी सरीतून निघून जातंय, खंड पडला तर वरंब्यात वल टिकती. वरून सोयाबीनचं काड पसरते.

गुरुजी : वा! आणि मे महिन्यातले टमाटे?

मावशी : ते तुमच्या वहीत लावा. पारा चाळीसच्या म्होरं गेला की फुलं गळतेत. ठिबकनं कितीबी पाजा, फुलातला परागच मरतो. शेडनेट घातलं तर थोडं जमतंय, पर त्याचा खर्च टमाट्यावर चढतो. मंग तुमी येता आन् म्हनता, ‘मावशी, लुटता का?’

गुरुजी : मग मे महिन्यात माणसानं खायचं काय?

मावशी : गवार, चवळी, तांदुळजा. त्याबी न्हाई निघाल्या तर सांडगे. म्या एका एकरात आठ भाज्या लावते. एक बुडाली तर दुसरी तारती, जोखीम वाटली जाती. तुमी येऊन त्यातली एकच मागता, तीबी इस्त्री केलेली. मंग बाकीच्या सातांची जोखीम मह्याच पदरात.

गुरुजी : म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा?

मावशी : दोष कशाला? हिस्सा म्हना. औंदा मेथी वाहून गेली, कोथिंबीर सडली, अंबाडी उभी हाय. तर अंबाडी खायाची. आन् वाकडी भेंडी सरळ सुरीनं चिरायची.

गुरुजी : (विचारात) पटतंय. द्या अर्धा किलो. कितीला?

मावशी : चाळीस.

गुरुजी : भोकाचे काही कमी करा की!

मावशी : भोकाचे लावलेच न्हाईत. भवतालच्या भेंडीचे सांगितले.

गुरुजी : (पैसे मोजत) मावशी, खरं तर उद्या तुम्हीच बोललं पाहिजे.

मावशी : रोज बुडंल महा. काय देता?

गुरुजी : मानधन नाही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ.

मावशी : मंग येते. शाल रोपांवर सावलीला होती. नारळाच्या शेंड्या ट्रेमधी घालायला, खोबरं नातवाला. गुच्छ खताच्या खड्ड्यात. तुमच्या घरी जुन्या शाली किती हायेत?

गुरुजी : पेटीभर. पण मग मी आठवडाभर लिहिलेल्या या भाषणाचं काय करू?

मावशी : ते वाया घालू नका गुर्जी. लाईट रातच्याला येती, मोटार चालू कराया जावंच लागतंय. तव्हा मह्या बांधावर हुबं राहून द्या. एकबी रानडुक्कर फिरकायचं न्हाई.