सतरा इंची हौस

ह्युंदाई आय-२० एन लाइन कंपनीतून १९५/५५ आर १६ टायरवर येते. साइडवॉल साधारण १०७ मिमी. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या चिरंजीवांना ती फारच फुगीर वाटली. त्यांनी २१५/४५ आर १७ चढवले. हिशेब चोख: घेर जेमतेम पाऊण टक्का वाढला, स्पीडोमीटर शहाणाच राहिला. साइडवॉल मात्र ९७ मिमीवर आली. वळणावर गाडी आता रस्ता सोडत नाही म्हणे. त्यासाठी एलबीएस मार्गावर गाडी आधी हलावी लागते, ही किरकोळ बाब. हल्ली ते भांडुपपर्यंतचा प्रत्येक उखडलेला पेव्हर ब्लॉक नावानिशी ओळखतात आणि खड्डा दिसला की रिक्षाला अदबीनं पुढे जाऊ देतात. रिमच्या कडेला आलेला बाक दाखवला, तर म्हणाले, "काका, लूक बघा ना!"