मिश्राभाभींची सून

घ्या की कढीपत्ता, विचारता काय! आणि जरा थांबा वहिनी, मिश्राभाभींच्या सुनेचं सांगायचंच राहिलं.

हो, तीच, कर्णबधिर. सातवा लागलाय तिला. भाभींचा गुडघा धरला म्हणून या वेळी तपासणीला मी गेले बरोबर. बाहेर तो मुलगा नावं पुकारतोय आणि ही दाराकडे टक लावून बसलेली. दार जरा किलकिलं झालं की अर्धी उठायची, परत बसायची. मी नसते तर नंबर गेलाच असता. भिंतीवर नंबर दिसायची सोय करायला काय जातं हो?

डॉक्टरीणबाई तशी भली. पण तोंडाला मास्क, मान खाली, आणि सगळं विचारतेय मला! "इनको नींद ठीक आती है?" अहो, मी शेजारीण, मला काय ठाऊक? सुनेनं पर्समधून वही काढून पुढे केली, तर बाईंनी दोन ओळी इंग्रजीत खरडल्या. हिची भाषा हातांची. लिहिलेली हिंदीसुद्धा तिला जड जाते, तिथं इंग्रजीचं काय घेऊन बसलात!

बाहेर आल्यावर मी पुण्याच्या भाचीला व्हिडिओ कॉल लावून दिला. तीही कर्णबधिरच. ही हिंदी घरातली, ती मराठी घरातली, पण असे झरझर हात चालले दोघींचे की मीच बघत राहिले. भाचीनं मला टाइप करून कळवलं तेव्हा उलगडा झाला. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी ही रोज रात्री एकदम घेत होती. वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या असतात ना त्या! गेल्या खेपेला डॉक्टरांनी नीट पाच मिनिटं समजावलं होतं म्हणे, आणि भाभींनी सुनेला काय सांगितलं? दोन बोटं दाखवली आणि गालाखाली हात ठेवला. झालं!

आता हे तुमच्या-माझ्यात हं. तिला या बाळानंतर काही वर्षं दुसरं नकोय. त्यासाठी काय करायचं ते डॉक्टरांना विचारायचंय. पण दुभाषी कोण, तर सासू! सासूच्याच तोंडून विचारायचं?

कायदा आहे हो, 2016 चा. दवाखाना सरकारी असो की खासगी, अडथळा नको, आणि दिव्यांगांना आधी घ्यायचं. घेतील आधी, पण हाक मारूनच ना! लहान मुलांसाठी आपल्याकडे बाल श्रवण योजना आहे, कानाच्या ऑपरेशनला सरकार लाखांनी पैसे देतं. कान तपासायला इथं भोपाळात पिपलानीकडे केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं केंद्र, ते सीआरसी, आहे. चांगलंच आहे सगळं. पण हिला यंत्र नकोय, खुणा जाणणारं माणूस हवंय, निदान व्हिडिओ कॉलवर तरी. इंदुरात तुकोगंज ठाण्यात आहेच की कर्णबधिरांसाठी मदत केंद्र. ती कर्णबधिर गीता आठवते? 2015 मध्ये पाकिस्तानातून परत आणलेली. इंदूरच्याच खुणांची भाषा जाणणाऱ्या लोकांनी तिच्या आठवणी समजून घेत घेत तिच्या घरच्यांचा पार परभणीपर्यंत माग काढला. म्हणजे ठाण्यात तक्रार द्यायची तर दुभाषी मिळावा आणि बाळंत व्हायचं तर मिळू नये!

आणि रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर? नवराही कर्णबधिर. 108 ला फोन लावून बोलणार कोण? मी त्याला सांगून ठेवलंय, मेसेज टाक आणि सरळ माझी बेल वाजवत सूट.

तर तुमच्याकडे काम असं आहे. पुढच्या तपासणीला सुनेला मी नेणार, भाची व्हिडिओ कॉलवर येणार. पण भाभींचा गुडघा आता बरा होत आलाय, त्या निघतीलच बरोबर. त्या दिवशी तुमच्याकडे भजन ठेवा ना. भाभींना पेटीवर बसवलं की दोन तास काही उठत नाहीत त्या.