पॅरिसमधील पंगत आणि पाठ

मित्रमंडळींसह परदेशी शहरात घालवायच्या दिवसाची आखणी स्थळांच्या महत्त्वापेक्षा छायाचित्रांच्या सोयीनेच होत असल्यामुळे, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या राजवाड्यात, शिरलेला मराठी चमू बाकीची दालने जवळजवळ धावतच ओलांडून, जेमतेम 77 सेंटिमीटर उंचीच्या ‘मोनालिसा’समोरील गर्दीत मोबाइल उंचावून उभा राहतो. त्याच दालनात, अगदी समोरच्या भिंतीवर, पाओलो वेरोनेझे याने 1563 साली पूर्ण केलेले ‘काना येथील लग्न’ हे जवळपास 10 मीटर रुंदीचे चित्र आहे. येशूने पाण्याचा द्राक्षारस केल्याच्या बायबलमधील कथेवर आधारलेल्या या चित्रात भलीमोठी पंगत मांडलेली असूनही, सकाळपासून जेवणाचीच चौकशी करणारा हा चमू तिच्याकडे पाठ करून उभा असतो, हे विशेष. पुढे ‘पासाज ब्रादी’ या, भारतीय उपाहारगृहांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आच्छादित बाजारगल्लीत पनीरची भाजी मागवून, तिला पुण्याची सर नाही असा निर्वाळा एकमताने दिला जातो (एकमत होण्याचा दिवसभरातील हा बहुधा एकमेव प्रसंग). लूव्र मंगळवारी बंद असते, एवढे तरी तिकिटे काढणाऱ्या मित्राने आधी पाहून ठेवावे.