आत काय आहे?

संगणकाच्या क्लासमध्ये एक्सेल शिकवतात, प्रिंट काढायला शिकवतात, प्रमाणपत्र लॅमिनेट करून देतात. आत नेमकं काय चालतं, असं विचारणारा मात्र तिथे संशयास्पद ठरतो. "परीक्षेला नाही ते!" मग बिचारा घरी एकटाच खणत बसतो. तळाशी सापडतं ते नँड गेट: दोन्हीकडून होकार आला तरच नकार देणारं, एरवी कशालाही हो म्हणणारं. (कचेरीत मुरलेलं दिसतं.) असल्याच गेटांमधून बेरीज, मेमरी, सगळा प्रोसेसर उभा राहतो. आणि एवढा डोलारा उभारून पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ विचारावं, तर उत्तर ०.३०००००००००००००००४! कारण ०.१ संगणकाला द्विमान पद्धतीत नेमका मांडताच येत नाही. घरच्यांना याचं काही नाही. प्रिंटर दुरुस्तीला हक्काचा माणूस मिळाला, म्हणून ते खूश आहेत.