मांजराला माहीत असतं

आषाढात भोर तालुक्यातल्या आमच्या आंबवड्याला पाऊस लागला की माणसं दोनच ठिकाणी सापडतात, खाचरात नाहीतर ओटीवर. खाचरातली कामाची. ओटीवरची आमच्यासारखी, गुडघे धरून चहाच्या तिसऱ्या फेरीची वाट पाहणारी. यंदा या ओटीवर एक गठ्ठा येऊन पडला. पुण्याची भाची दोन दिवस राहून गेली. झुलत्या पुलावर फोटो काढले, नागेश्वराच्या पाया पडली आणि परत जाताना सॅक हलकी करायला सहा इंग्रजी पुस्तकं आमच्याकडे टाकली. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर मांजर. "मामा, कोझी मिस्टरी आहेत. एकदम रिलॅक्सिंग," म्हणाली.

कोझी म्हणजे काय, ते आल्यागेल्याला समजावण्यात माझे तीन आठवडे गेले. गोधडीत पडून वाचायचा खून, असं मी सांगतो. यात खून होतो पण रक्त दिसत नाही, शिवी ऐकू येत नाही. मरणारा असा निवडलेला असतो की त्याच्या दहाव्याला कावळा नाही शिवला तरी कुणाचं काही अडू नये. तपास पोलिसांकडून होत नाही. तो एखादी बेकरीवाली बाई नाहीतर रिकामा पत्रकार करतो. आणि त्याच्या घरात एक मांजर असतं, ज्याला खुनी कोण ते पहिल्या पन्नास पानांतच कळलेलं असतं.

पुस्तकं प्रत्यक्ष वाचली तिघांनी. मी, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, आणि एसटीनं भोरला कॉलेजला जाणारी समोरच्या घरातली मुलगी. बाकीच्यांना रात्री गोष्ट सांगायची. मत मात्र सगळ्यांनी दिलं. मत द्यायला पुस्तक वाचलेलं असावं, अशी अट आपल्याकडे साहित्य संमेलनातसुद्धा नसते, तर ओटीवर कुठून असणार?

गठ्ठ्यातली चार पुस्तकं लिलियन जॅक्सन ब्रॉन या अमेरिकन बाईंची. त्यांच्या मालिकेत जिम क्विलरन नावाचा मिशाळ पत्रकार आहे आणि त्याच्याकडे कोको आणि यम यम ही दोन सयामी मांजरं. पहिलं पुस्तक १९६६चं. त्यात कोको वर्तमानपत्राचे मथळे उलटे वाचतो. आमच्या ओटीवर कित्येक वर्षं एकच वर्तमानपत्र सहा जण वाचतात, त्यातल्या दोघांच्या वाट्याला ते समोर बसून उलटंच येतं. त्यामुळे या चमत्कारानं कुणी हललं नाही.

पहिला आक्षेप आला काकींकडून, आणि तो थेट मुद्द्याचा होता. "त्या मांजरानं उंदीर किती मारलं?"

मी पुस्तक चाळून पाहिलं. प्रामाणिक उत्तर असं की कोकोचा त्या कामाशी फारसा संबंध नाही. तो काटे काढलेला सामन मासा खातो, पट्टा बांधून फिरायला जातो आणि मालक त्याला पुस्तकं वाचून दाखवतो.

"मंग ते मांजर न्हाय," काकी म्हणाल्या. "जावई हाय."

हे मत साहित्यबाह्य वाटेल, पण नाही. ज्या घरात कणगीतलं भात वर्षभर पुरवायचं असतं, तिथे मांजराची किंमत उंदरांत मोजतात. काकींच्या घरचं मांजर तीन पिढ्यांचं नोकरदार आहे. त्याला नाव नाही, पट्टा नाही, रोज संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी एवढाच पगार. त्यानं फळीवरून डबा पाडला तर त्याला चप्पल मिळते. कोकोनं फळीवरून पुस्तक पाडलं तर क्विलरन ते उचलतो, त्याचं नाव वाचतो आणि त्यातून खुन्याचा माग काढतो. पाडण्याची क्रिया तीच. फरक घराण्याचा.

ओटीवरच्या नानांना क्विलरनच्या मिशा आवडल्या. काही काळंबेरं असलं की त्याच्या मिशा फुरफुरतात. "माझ्या बी फुरफुरत्यात," नाना म्हणाले. त्या तपकिरीनं, असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि मिशांचा विषय तिथेच संपला.

खरी चर्चा पेटली ती गावावरून. तीनचार पुस्तकांनंतर क्विलरन शहर सोडून मूस काउंटी नावाच्या आडभागात येतो. सगळ्यापासून चारशे मैल उत्तरेला, असं त्या मुलखाचं वर्णन आहे. सगळ्यांना सगळ्यांची घरं, जेवणं, भानगडी ठाऊक. तरीही दर पुस्तकात एक खून, कधी दोन. मालिकेत कादंबऱ्या एकूण २९. कॉलेजच्या मुलीनं हिशेब मांडला आणि विचारलं, "एवढ्याशा गावात एवढे खून, तर ग्रामसभेत कुणी विषय काढत नाही?"

"कोरम भरत नसंल," नाना म्हणाले.

मग कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आजी बोलल्या. नव्वदीच्या घरातल्या आहेत, गोष्ट ऐकताना डोळे मिटून असतात, त्यामुळे झोपल्या असं वाटतं. त्यांनी विचारलं, "गाव केवढं म्हनालास?"

"लहानच."

"मंग यात इपरीत काय? कुनी मारलं ते समद्यांना ठावंच असनार. बोलत न्हाईत एवढंच."

ओटीवर पावसाचा आवाज तेवढा राहिला. कारण इथे एक विषय असा आहे जो सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या शिवारात एक बांध दर पावसाळ्यात वीतभर सरकतो. बांधाला पाय नाहीत. पण लावणीच्या आधी कुणीतरी पहाटे कुदळ घेऊन तो कोरतं, आणि सकाळी तो पलीकडे गेलेला असतो. कोण कोरतं ते शेजाऱ्याला, शेजाऱ्याच्या बैलाला आणि बैलाच्या पाठीवरच्या बगळ्याला ठाऊक आहे. मोजणीच्या दिवशी मात्र अख्खी आळी नेमकी कुणाच्या तरी लग्नाला गेलेली असते. उरतात बैल आणि बगळा, आणि त्यांचा जबाब कायद्यात बसत नाही.

कोकोचं काय ते तेव्हा मला उमगलं. अमेरिकेत मांजराला माहीत असतं, पण त्याला बोलता येत नाही, म्हणून ते बिचारं पुस्तकं पाडतं. आमच्याकडे बोलता सगळ्यांना येतं.

मास्तरांना या मालिकेबद्दल पहिल्यापासून तुच्छता. ते बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६, हजारावर रहस्यकथा. हे सगळं मास्तर कुणी न विचारता सांगतात. काळा पहाड आणि झुंजार यांना मांजराची कुबडी लागली नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. "काळ्या पहाडाच्या घरी सकाळी मांजराचा ट्रे कोण साफ करणार होतं?" असं ते विचारतात. याला उत्तर नाही. मराठी रहस्यकथेत खुनाचा तपास बायकामुलांच्या, दूधवाल्याच्या, घरच्या मांजराच्या गावीही नसतो. नायक रात्री गाडीतून निघतो आणि पहाटे गुन्हेगार हजर करतो. मधल्या वेळात कुणी त्याला येताना कोथिंबीर आण म्हणत नाही. क्विलरनला मात्र पाहुण्यांसाठी जेवण ठरवावं लागतं, नाटकाचं परीक्षण लिहावं लागतं, सदराचा मजकूर वेळेत द्यावा लागतो. माझी सहानुभूती कुणाकडे असेल, ते सांगायला नको.

पण मास्तरांनी एक गोष्ट शोधून काढली, आणि ती ऐकून त्यांचं स्वतःचंच मन थोडं पालटलं. ब्रॉनबाईंचं पहिलं सयामी मांजर, त्याचंही नाव कोको, दहाव्या मजल्याच्या खिडकीतून पडून मेलं. कुणीतरी ढकललं असा त्यांना संशय होता. त्या दुःखातून आणि रागातून त्यांनी एक कथा लिहिली, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आता आपल्याकडे मांजर मारल्याचं प्रायश्चित्त पूर्वीपासून ठरलेलं आहे. सोन्याचं मांजर करून काशीला जायचं आणि ब्राह्मणाला दान द्यायचं. माणूस मारला तर पंचनामा, मांजर मारलं तर सोनं. सोन्याचा आजचा भाव पाहता भोर तालुक्यात मांजर मारणं कुणालाही परवडणारं नाही, आणि मांजरांना याची कल्पना असावी, असं त्यांच्या रस्ता ओलांडण्यावरून वाटतं. ब्रॉनबाईंचं मांजर ढकलणारा काशीला गेला नाही. म्हणून त्या स्वतःच बसल्या आणि कागदाची २९ मांजरं केली. आजींनी हे ऐकून हात जोडले. सबंध मालिकेवरचं हे पहिलं अनुकूल मत.

मधला काळ मोठा कठीण गेला. १९६८पर्यंत तीन पुस्तकं आली आणि नंतर चौथं थेट १९८६ साली. बाजाराला रक्त आणि पलंग हवा होता, मांजर नको होतं. अठरा वर्षं मांजर दाराबाहेर बसून राहिलं आणि दार उघडल्यावर काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं आत आलं. मांजराला हे जमतं. मराठी लेखकानं अठरा वर्षांचा खंड घेतला तर चौथ्या पुस्तकाला प्रस्तावना म्हणून श्रद्धांजली लिहून येईल.

ब्रॉनबाईंचे त्यांच्याकडचे वाचक म्हणे शेवटच्या पुस्तकांवर रुसले. शेवटचं २००७चं, कोकोला साठ मिशा असल्याचं नावातच सांगणारं. रहस्य पातळ झालं, खून शोधावा लागतो, नुसती जेवणं, हवापाणी, गावातल्या समारंभांची वर्णनं, अशी तक्रार. आमच्या ओटीवर निकाल बरोबर उलटा लागला. शेवटची पुस्तकं सर्वांना आवडली. कोण कुणाकडे जेवलं, काय वाढलं, कुणी नवी गाडी घेतली, कुणाचं घर जळालं, याच्यात काकी रंगून गेल्या. "हे खरं गाव वाटतंय," म्हणाल्या. खून आला की त्या चहा ठेवायला उठायच्या.

एक योगायोग मास्तरांनी टिपून ठेवला आहे. मालिकेतलं दुसरं पुस्तक १९६७चं. त्याच वर्षी महाराष्ट्रानं दोन कायदे केले. एक सार्वजनिक ग्रंथालयांचा, दुसरा ग्रामपोलिसांचा, ज्याच्या आधारानं गावोगाव पोलीस पाटील नेमले जातात. म्हणजे सरकारनं एकाच वर्षी खेड्याला रहस्यकथा वाचायची सोय आणि रहस्य सोडवायची सोय, दोन्ही करून दिल्या. पोलीस पाटलाला मानधन मिळतं. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. कोको ज्या वर्गातला आहे तो वर्ग अजून अधिसूचित व्हायचा आहे.

गठ्ठ्यातलं पाचवं पुस्तक रीटा मे ब्राउन यांचं. या बाईंनी १९९०पासून मुखपृष्ठावर सहलेखक म्हणून स्वतःच्या मांजराचं नाव घातलं, स्नीकी पाय ब्राउन. यावर ओटीवर हसू झालं, फक्त मास्तरांच्या पत्नी हसल्या नाहीत. मास्तरांचं व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आहे. त्याची मुद्रणप्रत वहिनींनी दोनदा हातानं उतरवली होती, दुसऱ्यांदा मास्तरांनी पहिलीवर चहा सांडला म्हणून. त्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात शाळेचं नाव आहे, छापखान्याचं आहे, शाईचंही बहुधा असेल. वहिनींनी स्नीकी पायचं नाव मला पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं आणि म्हणाल्या, "म्याव म्हणायला हवं होतं मी."

सहावं पुस्तक मूळचं जपानी, जिरो आकागावा यांच्या मालिकेतलं. १९७८ साली सुरू झालेली. होम्स नावाची तिरंगी मांजर आणि रक्त पाहून घेरी येणारा पोलीस. नानांना तो पोलीस पटला. यापलीकडे जपानवर चर्चा झाली नाही, कारण तेवढ्यात वीज गेली.

एका तरुणानं कोको आणि क्विलरनच्या जोडीला आपल्याकडची 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण लावून पाहिली. त्याला सगळ्यांनी एकदम गप्प केलं. जिवा महालांची समाधी आमच्याच गावात आहे, कान्होजी जेध्यांचीही. त्या म्हणीत मांजर बसवायला आंबवड्यात तरी जागा नाही. विनोदाची हद्द कुठे संपते, याची मोजणी आमच्याकडे झालेली आहे आणि तो बांध कुणी सरकवत नाही.

आता कामाचं. गठ्ठ्यातल्या तिसऱ्या पुस्तकाची शेवटची चार पानं मागच्या सोमवारी फाडली गेली. खुनी कोण ते त्या पानांवर आहे. पुस्तक रात्रभर ओटीवर होतं. सकाळी माझ्या मांजरानं ते फळीवरून खाली पाडलं, उपडं, फाटकी बाजू वर. मी नानांकडे पाहिलं, नाना पावसाकडे पाहत होते. काकी म्हणाल्या, मी कालवणाकडं होते. मास्तर म्हणाले, मी अर्नाळकर वाचतो. आजींचे डोळे मिटलेले होते. तंबाखूची पुडी इंग्रजी कागदात कुणाच्या खिशात आहे ते अख्ख्या आळीला माहीत आहे.

पानं कोरडी असतील तर ओटीच्या डाव्या कोनाड्यात, कंदिलाखाली ठेवून जावीत. भाची पुढच्या शनिवारी येते आहे. नाव विचारणार नाही.